कायमच्या खुणेविरुद्ध

कोंबडीच्या पिल्लाला खूण करायची तर ती एकदाच करावी आणि जन्मभर टिकेल अशी करावी, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला कुणी मत म्हणतही नाही. परसात दहा-वीस कोंबड्या पाळणारा पिल्लाच्या एका बोटाचे टोक उडवतो. थोडे वाचलेला पाळणारा बोटांमधल्या पडद्याला भोक पाडतो. हे दोन्ही ज्याला बघवत नाही तो पायाला दोरा नाहीतर चिंधी बांधतो आणि विसरून जातो. तिघांच्या मनात विचार एकच असतो: एकदा केले की सुटलो. हा विचार पिल्लाच्या बाबतीत मुळातच चुकलेला आहे. पिल्लाच्या अंगावरची खूण तात्पुरती आणि पुन्हा पुन्हा बदलता येणारी हवी; कायमचे जे ठेवायचे ते वहीत ठेवावे.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो अडाणीपणातून आलेला नाही. गावातल्या कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, परड्यात, एकमेकींच्या अंगणात चरतात. एखादी चुकून शेजारच्या खुराड्यात शिरली की ती कुणाची यावरून दोन घरांत बोलणे बंद होते. कोणत्या पिल्लांना मानमोडीची लस झाली आणि कोणती राहिली, कोणत्या खुडूक कोंबडीखालची पिल्ले जास्त जगली, पुढच्या वर्षी कोणत्या कोंबडीची अंडी बसवायची, या प्रश्नांना ओळखीशिवाय उत्तर नाही. रंग उडतो, दोरा तुटतो, रिंग गळून पडते; बोट मात्र परत उगवत नाही. शिवाय, हे लोक विचारतात, गाय-म्हशीच्या कानात सरकारच बारा अंकी बिल्ला मारते, मग पिल्लाच्या एका बोटाचे काय मोठे? आणि एका दिवसाच्या पिल्लाला कळते तरी काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. चिमणीचे पिल्लू डोळे मिटलेले, उघड्या अंगाचे जन्मते. कोंबडीच्या पिल्लाचे तसे नाही. एकवीस दिवस अंड्यात काढून ते उघड्या डोळ्यांनी, अंगभर लव घेऊन बाहेर येते. कवच फुटण्याआधीच ते आतून चिवचिवते आणि कोंबडी बाहेरून त्याला उत्तर देते. अंग सुकले की काही तासांत ते चालते, दाणा टिपते, आईचा इशारा ऐकून तिच्या पंखाखाली धावते. ज्याचे डोळे, कान, स्नायू आणि मेंदू इतके तयार आहेत त्याची वेदना तेवढी झोपलेली असते, असे मानायला काही आधार लागतो. तो आधार मला कुठे सापडलेला नाही. उलट दिशेचा पुरावा आहे. १९८५ मध्ये एडिनबर्गच्या ब्रेवर्ड आणि जेंटल यांनी चोचीचे टोक छाटलेल्या कोंबड्या तपासल्या. कापलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना गाठी आलेल्या होत्या आणि त्यांतून असाधारण संदेश जात होते. माणसाचा अवयव कापल्यावर उरलेल्या थुटात जे घडते त्याच जातीचे हे होते.

प्रतिपक्षाच्या बाजूचे जे आहे तेही इथेच सांगतो. नंतरच्या अभ्यासांत असे दिसले की छाटणी जितक्या लहान वयात होते तितक्या या गाठी टिकण्याचा संभव कमी. हे अभ्यास चोचीचे आहेत, बोटाचे नव्हेत, पण मुद्दा मी मान्य करतो: लहान पिल्लाची जखम लवकर भरते. मात्र जखम लवकर भरणे आणि जखम न दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पूर्वपक्ष पहिलीवरून दुसरी सिद्ध झाल्यासारखा बोलतो.

दुखण्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी रक्ताचा प्रश्न उरतो. ब्रूडरच्या बल्बखाली पन्नास पिल्ले एकत्र असतात आणि जे वेगळे दिसेल ते टोचून पाहणे हा त्यांचा जन्मजात धर्म आहे. बोटावर आलेला रक्ताचा थेंब त्यांना दिसतोच. एकाने टोचले की दुसरा येतो, मग चौथा, आणि सकाळी पिल्लू मेलेले सापडले की दोष मुंगसाला नाहीतर थंडीला जातो. बोट शोभेसाठीही दिलेले नसते. कोंबडी दिवसभर उकरते ती बोटांनी आणि रात्री दांडीवर तोल धरते तोही बोटांनी. कायद्याकडेही बघायला हवे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात प्राण्याचा अवयव छाटण्याचा समावेश क्रूरतेत आहे. त्याच कलमात जे अपवाद दिले आहेत त्यांत गुरांची शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे आणि वेसण घालणे यांची नावे आहेत. पिल्लाचे बोट त्या यादीत नाही.

आता पक्केपणाकडे येतो. या मताचा सगळा जोर त्यावर आहे आणि माझ्या मते ते सर्वांत कच्चे तिथेच आहे.

पडद्याला भोक पाडण्याची पद्धत घ्या. बोट छाटण्यापेक्षा ती निश्चित कमी क्रूर आहे आणि जगभर चांगल्या पैदासकारांनी ती वापरलेली आहे. पिल्लाच्या प्रत्येक पायाला पुढच्या तीन बोटांमध्ये दोन पडदे, म्हणजे दोन्ही पायांत मिळून चार जागा. प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही, अशा सोळा जुळण्या होतात. त्यांतली एक म्हणजे कुठेच भोक नसणे. ती तर शेजारच्या बिनखुणेच्या कोंबडीचीही असणार, म्हणून कामाच्या उरतात पंधरा. दोन खुडूक कोंबड्यांची पिल्ले एकाच आठवड्यात निघाली तर पंधरा खुणा पहिल्याच दिवशी संपतात. पुढे काय होते? भोक पाडताना कातड्याचा तुकडा पूर्ण सुटला नाही तर ते काही दिवसांत बुजते. ते कडेच्या फार जवळ पडले तर फाटून खाच होते. मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीचे पडदे काट्यांनी, तारेने, भांडणातही फाटतात. रात्री उंदराने कुरतडलेले बोट आणि माणसाने छाटलेले बोट वर्षभराने सारखेच दिसते. म्हणजे जिच्यावरून वाद मिटायचा ती खूणच वादाचा विषय होते. ती वाचण्यासाठी कोंबडी पकडावी लागते, पाय धुवावा लागतो, बोटे ताणून उजेडात धरावी लागतात, हे वेगळेच.

कानातल्या बिल्ल्याचा दाखला इथे लागू पडत नाही, त्याचे कारणही पिल्लाच्या वाढीत आहे. पस्तीस-चाळीस ग्रॅमचे पिल्लू पाच-सहा महिन्यांत सव्वा-दीड किलोचे होते, म्हणजे तीसपटीहून अधिक वाढते. ब्रॉयलरचे पिल्लू तर पहिल्या आठवड्यातच चौपट होते. इतक्या वेगाने बदलणाऱ्या अंगावर पहिल्या दिवशी जे घट्ट बसवाल ते विसाव्या दिवशी एकतर रुतलेले असेल किंवा जागेवर नसेल.

दोरा बांधणाऱ्यांना वाटते की आपण दयाळू मार्ग निवडला. मला दोऱ्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. बोट छाटण्याचा आघात निदान एका क्षणात होतो. दोऱ्याचा आघात तीन आठवडे चालतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सुती दोरा विष्ठेने भिजतो, धागे सुटतात, ते बोटांत अडकतात. पाय जाड होतो, दोरा तसाच राहतो, कातडीत रुततो, वरून कातडी त्याच्यावर वाढते. खालचा भाग सुजतो, मग काळा पडतो. शहरातल्या कबुतरांचे तुटलेले पंजे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. २०१९ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी शहरातल्या ४६ ठिकाणच्या कबुतरांचे पंजे तपासले, तेव्हा ज्या भागात केशकर्तनालये जास्त तिथे बोटे गमावलेली कबुतरे जास्त, असा संबंध त्यांना आढळला. पायात गुंतलेले केस आणि धागे हे त्यामागचे कारण त्यांनी मांडले. नुसत्या केसाने बोट जाऊ शकते, तर गाठ मारून बांधलेल्या दोऱ्याबद्दल निश्चिंत राहता येत नाही. केबल टायचेही तेच. तो फक्त आवळता येतो, सैल करता येत नाही, म्हणून वाढत्या पिल्लाच्या पायात तो ठेवायचा तर दर आठवड्याला कापून नवा घालण्याची तयारी हवी.

पूर्वपक्षाचा तिसरा आधार कुणी बोलून दाखवत नाही, पण तो सगळीकडे गृहीत असतो: खूण माणसाने माणसासाठी केलेली असते, कोंबडीला तिच्याशी काही देणेघेणे नसते. कोंबड्यांच्या समाजाबद्दल गेल्या शंभर वर्षांत जे कळले आहे ते याच्या उलट आहे. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड जगापुढे मांडली: कोण कुणाला टोचू शकते हे कळपात ठरलेले असते. ही उतरंड टिकते ती कोंबड्या एकमेकींना व्यक्तिशः ओळखतात म्हणून. १९५३ मध्ये गुल आणि ऑर्टमन यांनी कोंबड्यांच्या अंगाचे वेगवेगळे भाग बदलून पाहिले. डोके आणि मान यांचे रूप बदलले की कळपातली ओळख सर्वांत जास्त बिघडते, असे त्यांना दिसले. २००८ मध्ये पोल्ट्री सायन्स या नियतकालिकात आलेला प्रयोग तर आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. त्यात कळपातल्या काही पक्ष्यांच्याच डोक्यामागे काळी खूण केली होती. खुणेचे पक्षी अल्पसंख्य होते तेव्हा त्यांच्यावर जास्त हल्ले झाले आणि त्यांचे वजन मागे पडले. खूण करणाऱ्यांनी कुणालाही इजा केलेली नव्हती. इजा सोबत्यांनी केली.

खुणेचा त्रास डोळ्यांना दिसेलच असेही नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवर शंभर राजा पेंग्विनांवर दहा वर्षे नजर ठेवली गेली. सर्वांच्या अंगात सूक्ष्म ओळखयंत्र होते, पन्नास जणांच्या पंखांवर धातूची पट्टीही होती. पट्टीवाल्यांचे जगण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी भरले आणि त्यांनी ३९ टक्के कमी पिल्ले वाढवली. २०११ मध्ये नेचरमध्ये हे छापून येईपर्यंत ती पट्टी निरुपद्रवी आहे असे मानून अनेकांनी काम केले होते. पोहणारा पेंग्विन आणि उकरणारी कोंबडी यांची तुलना मी फार ताणणार नाही. पण ‘इतक्या वर्षांत काही झाले नाही’ या वाक्यावर त्यानंतर माझा विश्वास राहिलेला नाही. ज्यांनी मोजलेच नाही त्यांना काही झालेले दिसणार कसे?

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. खूणच नको, मी माझी प्रत्येक कोंबडी नजरेने ओळखतो, असे ते म्हणतात. गावठी कोंबड्यांत मोठ्या पक्ष्यांबद्दल हे खरे असते. तांबडी, कवडी, तुरेवाली, उघड्या मानेची, उलट्या पिसांची अशा दहा कोंबड्या दहा जणींसारख्या वेगळ्या दिसतात आणि तिथे रिंगचीही गरज नाही. पण तोच माणूस एका खुडुकाखालची बारा पिल्ले तिसऱ्या दिवशी वेगळी सांगू शकत नाही. पाठीवरच्या पट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढला तरी चार-पाच आठवड्यांत लव जाऊन पिसे येतात आणि फोटोतले पिल्लू उरत नाही. कडकनाथाची अडचण आणखी मोठी आहे. झाबुआच्या या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर महाराष्ट्रातही तिची मागणी वाढली. तिची पिल्ले काळी, पाय काळे, नख्या काळ्या. सगळी एकसारखी, आणि शाई लावली तर दिसत नाही. नजरेवर विसंबणारा पाळणारा अशा कळपात अंदाजच करत असतो, आणि त्या अंदाजावर पैदाशीचा नर निवडला की बहीण-भावांची जोडी लागायला वेळ लागत नाही.

मग करावे काय? आधी स्वतःला विचारावे की आपल्याला प्रत्येक पिल्लाची ओळख हवी आहे की गटाची. या प्रश्नावर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण परसातल्या दहापैकी नऊ पाळणाऱ्यांना गटाचीच ओळख हवी असते: ही लाल कोंबडीखालची, ती मशीनमधली, ही लस झालेली, ती राहिलेली. त्यासाठी एका गटाला एक रंग पुरतो. बोटे, भोके, आकडे यांचा संबंधच येत नाही. ज्याला खरोखर एकेक पिल्लू वेगळे ठेवायचे आहे त्याला दोन पायांत एकेक रिंग आणि पाच रंग घेतले तर पंचवीस पिल्ले वेगळी राखता येतात, भोकांच्या पंधरा खुणांहून दहा जास्त. तीही कुणाला न पकडता, दहा हातांवरून वाचता येतात.

पहिल्या आठवड्यात पायात काहीच घालू नये. खाण्याचा रंग घट्ट कालवून कापसाच्या बोळ्याने पंखाच्या बाहेरच्या लवेवर बोटाएवढा टिपका द्यावा. डोक्यावर आणि मानेवर देऊ नये. का, ते वर आलेच आहे. लाल रंग टाळावा. कुंकू, आळता, गुलाल हे हाताशी असतात म्हणून वापरले जातात, पण लाल ठिपका पिल्लांना टोचायला बोलावतो. हिरवा किंवा निळा बरा. जेन्शियन व्हायोलेट अनेक जण सुचवतात. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत ते अनेक देशांनी वर्ज्य केले आहे, तेव्हा अंडी आणि मांस खायचे असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. होळीचे रंग आणि ऑइलपेंट तर नकोतच. आठवडी बाजारात टोपलीभर गुलाबी-हिरवी पिल्ले दिसतात तशी पूर्ण भिजवून रंगवू नयेत. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते आणि ओली लव ती ऊब काढून घेते. टिपका सुकेपर्यंत पिल्लू बल्बखाली राहावे. शक्यतो प्रत्येक पिल्लाला कुठला तरी टिपका असावा, म्हणजे वेगळे असे कुणी उरत नाही. पायांवर आणि नख्यांवर रंग दिसत असेल तर एका नखीवर नेलपॉलिशचा एक हात दिला तरी काही दिवस निभावते. हे सगळे आठवडाभराने पुसट होते आणि ते चांगलेच आहे, कारण तेव्हा पिल्लू पुन्हा हातात घ्यावे लागते आणि त्याचे पाय, वजन, बूड तपासून होते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून प्लॅस्टिकची वेटोळ्याची रिंग घालावी. कबुतरे, लव्हबर्ड विकणाऱ्यांकडे ती मिळते. पायाभोवती ती सहज फिरली पाहिजे, काडेपेटीची काडी आत सरकली पाहिजे आणि पंजावरून मात्र निसटता कामा नये. आठवड्याचा एक वार ठरवून, संध्याकाळी पिल्ले खुराड्यात गेल्यावर, प्रत्येकाची रिंग फिरवून पाहावी. फिरत नसेल तर त्याच रात्री मोठी घालावी. माप बदलावे, रंग बदलू नये. सातव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास उतरंड ठरत असते, त्या दिवसांत नवा रंग आणून त्यांच्या ओळखीत ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. कडकनाथाला पिवळी किंवा पांढरी रिंग घालावी.

कायमच्या खुणेला माझा सरसकट विरोध नाही, हेही स्पष्ट करतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयासारख्या ठिकाणी, जिथे वनराज आणि ग्रामप्रिया घडले, हजारो पिल्लांची वंशावळ पिढ्यान् पिढ्या जुळवावी लागते. तिथे पंखाच्या पातळ पडद्यातून घातलेला आकड्याचा विंग बँड रास्त आहे. देवीची लसही त्याच पडद्यात टोचतात. तिथे स्नायू नाही, हाड नाही, आणि शीर टाळता येते. पण तो प्रशिक्षित हाताने घालायचा असतो, वाढीला जागा सोडून घालायचा असतो आणि नंतर एकदा तपासायचा असतो, कारण वाढत्या पिल्लाचा पंख कधी कधी बँडच्या आत सरकून अडकतो. म्हणजे ज्याला आपण कायमची खूण म्हणतो तीही एकदा करून विसरता येत नाही.

शेवटचा आक्षेप वहीचा: खेड्यात वही ठेवणार कोण? हा आक्षेप घेणाऱ्याने बचत गटाची बैठक पाहिलेली नसावी. ज्या बाया दर महिन्याला हप्ता, व्याज, दंड बिनचूक लिहितात त्यांना कोंबड्यांचे एक पान जड नाही: कोंबडीचे नाव, बसवलेली अंडी, निघालेली पिल्ले, रंग, लसीची तारीख, रिंग बदलल्याची तारीख, मेले तर कारण. आपल्याकडे पशुसंवर्धन विभाग आठ-दहा आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट लाभार्थ्यांना देतो. या वयाच्या पक्ष्याला घातलेली मोठ्या मापाची रिंग थोड्या देखरेखीत पुढे बराच काळ चालते. अठ्ठावीस पक्ष्यांबरोबर छप्पन्न रिंग आणि एक छापील पान द्यायला सुरुवात करावी, आणि घेणाऱ्या बाईला त्याच दिवशी दोन पक्ष्यांच्या पायात ती तिच्याच हाताने घालायला लावावी.